निक्सन व्हिएतनाममुळे गेले की वॉटरगेटमुळे?

प्रश्न असा आला आहे: ‘अमेरिकेत अध्यक्षाच्या परराष्ट्र धोरणावर लोक इतके चिडतात, लाखोंचे मोर्चे निघतात, त्याच्या पैशांच्या भानगडी रोज छापून येतात, तरी तो खुर्चीवर टिकतो. मग अध्यक्ष निक्सन यांनाच 1974 मध्ये राजीनामा देऊन कसं जावं लागलं? त्यांना व्हिएतनामने घालवलं की वॉटरगेटने? आणि लोकांच्या रागाचा शेवटी काही उपयोग होतो का?’

वर्तमानपत्रात परदेशी बातम्यांचं पान मी बरीच वर्षं सांभाळलं, पुढे पत्रकारितेच्या मुलांना अमेरिकी राज्यव्यवस्था शिकवली. हा प्रश्न वर्गात दरवर्षी यायचा, आणि बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असायचं: वॉटरगेट, म्हणजे 1972 मध्ये वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात झालेली घरफोडी आणि ती दडपण्याचा प्रयत्न. माझं उत्तर वेगळं आहे. ती दोन प्रकरणं नव्हतीच, एकातून दुसरं निघालं. हे पटवून घ्यायचं तर वॉटरगेटच्या तीन वर्षं मागे जावं लागतं.

18 मार्च 1969. निक्सन यांना शपथ घेऊन दोन महिनेही झाले नव्हते. ग्वामहून उडालेल्या बी-52 विमानांनी कंबोडियात बॉम्ब टाकले. कंबोडिया तटस्थ देश होता. सीमेलगतच्या जंगलात उत्तर व्हिएतनामी सैन्याचे तळ होते हे खरं, पण अमेरिकेने कंबोडियाशी युद्ध पुकारलेलं नव्हतं आणि अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, त्याला मंजुरीही दिलेली नव्हती. या मोहिमेचं नाव होतं ‘मेनू’. लक्ष्यांना नावं दिली होती ‘ब्रेकफास्ट’, ‘लंच’, ‘डिनर’. चौदा महिन्यांत साडेतीन हजारांहून जास्त उड्डाणं झाली, एक लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले.

हे सगळं लपवलं कसं, ते नीट बघण्यासारखं आहे. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव, तिच्याजवळ बिएन होआ इथल्या रडार केंद्रावर हॅल नाइट नावाचे हवाई दलाचे अधिकारी होते. पुढे 1973 मध्ये त्यांनी सेनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. त्यांच्याकडे सायगावहून खास माणसाच्या हाती पाकीट यायचं. विमानांना जे अधिकृत लक्ष्य दिलेलं असे ते दक्षिण व्हिएतनाममधलं. पाकिटात असायचं ते कंबोडियातलं. रात्री रडारवरून विमानं त्या दुसऱ्या जागी वळवायची. काम झालं की सगळे कागद, गणिताचे चिटोरेसुद्धा, गोळा करायचे, उजाडेपर्यंत थांबायचं आणि जाळून टाकायचे. मग सायगावला एका नंबरवर फोन करून सांगायचं, ‘बॉल गेम संपला.’ अहवालात मात्र बॉम्ब दक्षिण व्हिएतनाममध्येच पडल्याची नोंद व्हायची. म्हणजे लष्कराच्याच दप्तरात खोट्या नोंदी ठेवल्या गेल्या, वरून आलेल्या हुकमाने.

आता हे कोणापासून लपवायचं होतं? ज्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडत होते त्या कंबोडियन शेतकऱ्यांना ते माहीत होतं. उत्तर व्हिएतनामला माहीत होतं. माहीत नव्हतं ते अमेरिकी जनतेला आणि काँग्रेसमधल्या मोजक्या नेत्यांखेरीज बाकी सगळ्यांना. निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पुढे म्हणत राहिले की कंबोडियाचे प्रमुख सिहानूक यांची अडचण होऊ नये म्हणून गुप्तता पाळली. तेही एक कारण असेल. पण खरं कारण घरचं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. युद्ध सन्मानाने संपवतो असं सांगून निक्सन जेमतेम 43 टक्के मतांवर निवडून आले होते. युद्ध आणखी एका देशात नेतोय हे कळलं असतं तर पहिल्या शंभर दिवसांतच रस्ते भरले असते.

9 मे 1969 ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये विल्यम बीचर यांची बातमी आली: कंबोडियात बॉम्बफेक. मोठा गदारोळ झाला नाही, पण व्हाइट हाउस हादरलं. त्याच दिवशी किसिंजर एफबीआयचे प्रमुख हूव्हर यांच्याशी बोलले आणि फोन टॅप करायला सुरुवात झाली. पहिला नंबर किसिंजरच्याच कार्यालयातल्या सहकाऱ्याचा, मॉर्टन हॅल्परिन यांचा. पुढे एकूण 17 जणांचे फोन ऐकले गेले, त्यात चार पत्रकार होते. न्यायालयाची परवानगी घेतली नव्हती.

माझ्या मते सगळ्याचं मूळ इथे आहे. लोकांच्या रागाची धास्ती होती म्हणून धोरण लपवलं. लपवलेलं फुटू नये म्हणून आपल्याच माणसांवर पाळत ठेवली. परराष्ट्र धोरणाचा प्रश्न नीतिमत्तेचा आणि कायद्याचा झाला तो त्या मे महिन्यात.

पुढची पायरी सगळ्यांना ठाऊक असते. 30 एप्रिल 1970 च्या रात्री निक्सन यांनी दूरचित्रवाणीवर जाहीर केलं की अमेरिकी सैन्य कंबोडियात शिरलं आहे. देशभरची विद्यापीठं पेटली. 4 मे रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राखीव सैन्याच्या जवानांनी 13 सेकंदांत 67 गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. मेलेल्यांतले दोघे तर निदर्शनात नव्हतेच, वर्गाकडे चालले होते. दहा-बारा दिवसांनी मिसिसिपीत जॅक्सन स्टेटमध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी आणखी दोन तरुण गेले. ते काळे होते आणि त्यांची आठवण देशाने फार कमी काढली, हे मला आजही खुपतं. शेकडो कॉलेजं बंद पडली. परराष्ट्र खात्यातल्या दोनशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. किसिंजर यांचे तरुण सहायक राजीनामे देऊन बाहेर पडले.

आणि तरीही निक्सन डळमळले नाहीत. का? केंट स्टेटनंतर लगेच झालेल्या एका गॅलप पाहणीत 58 टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला, नॅशनल गार्डला फक्त 11 टक्क्यांनी. 8 मे रोजी न्यूयॉर्कमध्ये बांधकाम मजुरांनी युद्धविरोधी मुलांना रस्त्यावर चोपलं. निक्सन यांनी त्या मजुरांच्या नेत्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून त्यांची हेल्मेट मानाने स्वीकारली. रस्त्यावरचा राग मोठा असतो, पण तो सगळ्या देशाचा राग असतोच असं नाही, आणि निक्सन यांना हे पक्कं ठाऊक होतं. ‘शांत बहुसंख्य’, म्हणजे मोर्च्यांत न उतरणारी बहुतांश जनता, हे त्यांचं हुकमी पान होतं. 1972 च्या निवडणुकीत त्यांनी 50 पैकी 49 राज्यं जिंकली. व्हिएतनामने निक्सनना घालवलं असं सरळ म्हणता येत नाही, ते यामुळे.

मधल्या 1971 या वर्षाबद्दल आपल्या वाचकाला वेगळं सांगायला हवं, कारण ते बांगलादेश युद्धाचं, म्हणून आपलंही वर्ष आहे. ब्लॅकआउटमध्ये खिडक्यांना काळे कागद लावलेले आठवणाऱ्या मुंबईकरांना अमेरिकेचं ‘सातवं आरमार’ म्हटलं की आजही संताप येतो. पण तोच संताप अमेरिकेतही होता, हे आपल्याकडे कमी सांगितलं जातं. 6 एप्रिल 1971 रोजी ढाक्यातले अमेरिकी कॉन्सल जनरल आर्चर ब्लड यांनी वॉशिंग्टनला तार पाठवली. पूर्व पाकिस्तानात लष्कर कत्तल करतंय आणि आपलं सरकार गप्प आहे, ही नैतिक दिवाळखोरी आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. खाली वीस अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. ब्लड यांची ढाक्यातून उचलबांगडी झाली. जुलैमध्ये बाल्टिमोरच्या बंदरात पाकिस्तानी मालवाहू जहाज ‘पद्मा’ला अडवायला साधी माणसं छोट्या होड्या घेऊन पाण्यात उतरली. एवढाल्या जहाजासमोर त्या होड्या म्हणजे काहीच नव्हत्या, पण वर्तमानपत्रांत फोटो आले आणि शस्त्रं अजूनही जाताहेत ही गोष्ट काँग्रेसपुढे आली. डिसेंबरमध्ये तर जॉर्डनमार्फत पाकिस्तानला लढाऊ विमानं देणं बेकायदा ठरेल असं परराष्ट्र आणि संरक्षण खात्याने बजावलं असतानाही निक्सन आणि किसिंजर यांनी ते पुढे रेटलं.

मग पत्रकार जॅक अँडरसन यांच्या स्तंभात व्हाइट हाउसच्या गुप्त बैठकांची टिपणंच छापून आली. जाहीरपणे तटस्थ असल्याचं सांगणारे अध्यक्ष आतून पाकिस्तानकडे झुकण्याचे आदेश देत होते, हे सगळ्यांनी वाचलं. ती टिपणं कोणी फोडली, हे शोधायला जे पथक सोडलं त्याचं नाव ‘प्लंबर’. गळती थांबवणारे ते प्लंबर.

हे पथक जन्मलं होतं त्याच वर्षीच्या जुलैत. 13 जूनपासून न्यूयॉर्क टाइम्सने व्हिएतनाम युद्धाचा सात हजार पानांचा गुप्त इतिहास, म्हणजे पेंटागॉन पेपर्स, छापायला घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी छपाई थांबवायला नकार दिला. कायद्याने काही जमत नाही म्हटल्यावर व्हाइट हाउसने आडमार्ग धरला. 3 सप्टेंबर 1971 ला प्लंबरांच्या लोकांनी बेव्हर्ली हिल्समधला एक दवाखाना फोडला. कागद फोडणाऱ्या डॅनियल एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचा तो दवाखाना. एल्सबर्गची बदनामी करायला त्यांच्या आजाराची फाइल हवी होती. ही चोरी आखणारे दोघे, हंट आणि लिडी, यांनीच पुढे 17 जून 1972 ची वॉटरगेटमधली घरफोडी आखली. वॉटरगेटमध्ये पकडलेले पाच जण तोंड उघडतील, या धास्तीमागे व्हाइट हाउसला खरी भीती कशाची होती ते यातून कळतं. विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या एका चोरीपेक्षा तिच्यामागची आधीची कृत्यं बाहेर येण्याची भीती फार मोठी होती.

वॉटरगेटचा तपशील बहुतेकांनी वाचलेला असतो, मी तो उगाळत नाही. त्यातला एक आठवडा मात्र सांगतो, कारण ‘रागाचा उपयोग काय’ याचं उत्तर तिथे आहे.

जून 1973 चा शेवटचा आठवडा. व्हिएतनामचा करार जानेवारीत झाला होता, पण कंबोडियावर बॉम्बफेक चालूच होती. 25 जूनपासून पाच दिवस निक्सन यांचे माजी वकील जॉन डीन सेनेटच्या समितीपुढे साक्ष देत होते, सारा देश टीव्हीसमोर बसला होता. त्याच आठवड्यात काँग्रेसने कंबोडियावरच्या बॉम्बफेकीचा पैसा तोडणारं विधेयक मंजूर केलं. निक्सन यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसने सांगितलं, ठीक आहे, मग हीच अट आम्ही सरकारच्या प्रत्येक खर्च विधेयकाला लावतो. एक जुलैपासून नवं आर्थिक वर्ष होतं. सरकारचे पगार अडकले असते. निक्सन नमले. 15 ऑगस्ट 1973 ही तारीख ठरली आणि त्या दिवशी बॉम्बफेक थांबली.

1970 मध्ये लाखो लोक रस्त्यावर असताना सेनेटने असाच प्रयत्न केला होता, तेव्हा प्रतिनिधीगृहाने साथ दिली नव्हती. 1973 मध्ये रस्ते तुलनेने शांत होते, पण अध्यक्षाची पत उरली नव्हती. चार वर्षं साठलेला राग खासदारांच्या डोक्यात होता आणि डीन यांच्या साक्षीने त्यांना हिंमत दिली.

मग 20 ऑक्टोबरची शनिवारची रात्र. निक्सन यांच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती मागणारे, वॉटरगेटचा तपास करणारे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढा, असा हुकूम निक्सन यांनी दिला. ॲटर्नी जनरल रिचर्डसन यांनी राजीनामा दिला, त्यांच्याखालचे रकल्सहॉस यांनीही नकार देऊन पद सोडलं, तिसरे बोर्क यांनी हुकूम पाळला. पुढच्या काही दिवसांत वॉशिंग्टनमध्ये निषेधाच्या तारांचा लाखोंनी पाऊस पडला. व्हाइट हाउसवरून जाणाऱ्या गाड्या भोंगे वाजवत जात. या वेळी रागावलेल्यांत ते ‘शांत बहुसंख्य’ही होते.

आणि पाचच दिवसांनी काय झालं पाहा. पश्चिम आशियात योम किप्पुर युद्ध चालू होतं, सोव्हिएत सैन्य उतरण्याची शक्यता दिसली म्हणून 24-25 ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकेने आपल्या फौजा, अण्वस्त्रं सांभाळणाऱ्या तुकड्यांसह, जगभर सज्ज केल्या. सकाळी पत्रकारांनी किसिंजर यांना विचारलं: हे खरं संकट आहे, की घरच्या भानगडीवरून लक्ष उडवायला केलंय? किसिंजर चिडले. पण प्रश्न रास्त होता. खोटं बोलताना पकडलेल्या अध्यक्षाने अणुयुद्धाचा इशारा दिला, तरी त्याच्या देशाला आधी शंकाच येते. परराष्ट्र धोरणासाठी यापेक्षा घातक गोष्ट मला दुसरी माहीत नाही. दोन आठवड्यांनी, 7 नोव्हेंबरला, काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार धुडकावून युद्धाधिकार ठराव मंजूर केला: सैन्य लढाईत उतरवलं तर 48 तासांत काँग्रेसला कळवायचं, आणि मंजुरी नसेल तर साठ दिवसांत मागे घ्यायला लागायचं.

तुमच्या प्रश्नातल्या पैशांच्या भानगडी याच काळात उघड झाल्या. दोन लाख डॉलरहून जास्त उत्पन्न असताना निक्सन यांनी 1970 मध्ये केंद्रीय आयकर भरला होता 792 डॉलर, 1971 मध्ये 878. उपाध्यक्षपदाच्या काळातली कागदपत्रं सरकारला दान केल्याची सूट त्यांनी घेतली होती, आणि त्या दानपत्रावर मागची तारीख टाकलेली निघाली. पगारातून कर कापला जाणाऱ्या माणसाला कंबोडियाचा नकाशा कळो न कळो, हे लगेच कळतं. ‘मी लुच्चा नाही’ हे त्यांचं प्रसिद्ध वाक्य आलं ते स्वतःच्या पैशांबद्दल बोलताना. वॉटरगेटच्या घरफोडीविषयी म्हणून ते सांगितलं जातं, तसं नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं सगळ्यात ठोस उत्तर. जुलै 1974 च्या शेवटी प्रतिनिधीगृहाच्या न्याय समितीने महाभियोगाच्या पाच कलमांवर मतं घेतली. न्यायात अडथळा: 27 विरुद्ध 11, मंजूर. अधिकाराचा गैरवापर, ज्यात फोन टॅपिंग आणि तो दवाखाना फोडणं आलं: 28 विरुद्ध 10, मंजूर. समितीने मागितलेले पुरावे न देणं: 21 विरुद्ध 17, मंजूर. कंबोडियावरची गुप्त बॉम्बफेक: 12 विरुद्ध 26, नामंजूर. आयकर आणि स्वतःच्या घरांवर सरकारी खर्च: 12 विरुद्ध 26, नामंजूर.

म्हणजे लोक ज्या दोन गोष्टींवर सर्वांत जास्त संतापले होते, युद्ध आणि पैसा, ती दोन्ही कलमं सारख्याच मतांनी पडली. कराच्या बाबतीत म्हणणं असं होतं की ही वैयक्तिक लबाडी आहे, त्यासाठी कर खातं आणि न्यायालयं आहेत. कंबोडियाचं कारण जास्त अवघड होतं. काही ज्येष्ठ खासदारांना बॉम्बफेकीची गुपचूप कल्पना दिली गेली होती आणि ते गप्प बसले होते. वर्षानुवर्षं युद्धाचा पैसा काँग्रेसनेच मंजूर केला होता. अध्यक्षाला त्यासाठी दोषी धरायचं तर स्वतःलाही धरावं लागलं असतं. हा निर्णय मला कधीच पटला नाही. हजारो माणसं ज्या मोहिमेत मेली ती बाजूला पडली आणि ती लपवण्यासाठी केलेली कृत्यं गुन्हा ठरली. पण घडलं ते असं, आणि तेव्हापासूनचे सगळे अध्यक्ष हे जाणून वागतात.

रेगन यांचंच बघा. नोव्हेंबर 1986 मध्ये इराणला चोरून शस्त्रं विकल्याचं आणि तो पैसा निकाराग्वाच्या कॉन्ट्रा बंडखोरांना वळवल्याचं उघड झालं. काँग्रेसने कॉन्ट्रांची लष्करी मदत कायद्याने बंद केलेली असताना. रेगन यांची लोकप्रियता महिनाभरात 67 टक्क्यांवरून 46 वर कोसळली. पण पैसे वळवण्याचा निर्णय आपण अध्यक्षांना सांगितलाच नव्हता, असं सुरक्षा सल्लागार पॉइंडेक्स्टर यांनी सांगितलं, आणि त्याला खोटं ठरवणारी ध्वनिफीत नव्हती. रेगन यांनी मार्च 1987 मध्ये टीव्हीवर चूक कबूल केली आणि मुदत पूर्ण केली.

2019 मध्ये ट्रम्प यांच्यावरचा पहिला महाभियोग युक्रेनला मंजूर झालेली सुमारे 39 कोटी डॉलरची लष्करी मदत अडवून राजकीय फायदा मागितल्याबद्दल होता. परराष्ट्र धोरण आणि नीतिमत्ता इथे एकाच फोन संभाषणात होती. त्यांच्या हॉटेलांत परकीय सरकारांचा पैसा येतो म्हणून झालेले खटले मात्र सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये, ते पदावरून गेल्यावर, आता अर्थ उरला नाही म्हणून निकालात काढले. अध्यक्षाने परकीय राज्याकडून काँग्रेसच्या संमतीवाचून काही घेऊ नये असं संविधानात लिहिलेलं आहे. ते पाळायला लावायचं कोणी, याचं उत्तर त्या खटल्यांतून मिळालंच नाही.

म्हणून मोर्च्यांच्या बातम्या वाचताना मी नेहमी पुढचं पान उघडायला सांगतो. खर्चाच्या विधेयकाला कोणी अट लावतंय का? समितीने कागद मागवलेत का, आणि ते मिळतायत का? खात्यातले अधिकारी सही करून निषेध नोंदवतायत का? या गोष्टी हलल्या तर समजावं की राग कामाला लागला. त्या हलायला वर्षं लागतात, आणि मोर्चे निघाले नसते तर त्या हलल्याही नसत्या.

एक गोष्ट मात्र निक्सन यांच्या काळापेक्षा बदलली आहे. 1 जुलै 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षाला पदाच्या कामकाजातल्या कृत्यांसाठी फौजदारी खटल्यापासून मोठं संरक्षण दिलं. एफबीआयचा तपास सीआयएकडून थांबवा, असं निक्सन ज्या फितीत सांगताना सापडले, तिच्यावर आज खटला उभा राहील का, याची मला शंका वाटते. महाभियोगाचा रस्ता त्या निकालाने बंद केलेला नाही. पण तो रस्ता अध्यक्षाच्या स्वतःच्या पक्षातून जातो. 1974 मध्ये न्याय समितीतल्या 17 रिपब्लिकनांपैकी सहा जणांनी आपल्याच अध्यक्षाविरुद्ध पहिल्या कलमाला मत दिलं. फेब्रुवारी 2020 मध्ये सेनेटमधल्या 53 रिपब्लिकनांपैकी एकाने दिलं, मिट रॉम्नी यांनी.